मेंढवाटेचा लांडगा

हर्षालीबद्दल सांगायचं तर आधी एवढंच सांगतो, पोरगी हट्टी हाय. मी वीरप्पा, उमरग्यात माझी छपाईची प्रेस. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं, सगळं छापलं. गिऱ्हाईक कसं असतं ते मला शिकवू नका. पण ह्या पोरीनं मला जेवढं पळवलं तेवढं कुठल्या पुढाऱ्यानं पळवलं न्हाय.

ती मुरूमकडची. बाप महारुद्र मेंढरं राखतो. पोरगी पुण्याला कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होती, अन् सुटीच्या दिवशी एकटीच मोबाईलचा एक खेळ बनवत बसायची. नाव ‘मेंढवाट’. मेंढरं घेऊन निघायचं, चारापाणी बघत मुक्काम करायचा, लांडग्यापासून कळप राखत घरी परतायचं. खेळ घेतला थोड्याच लोकांनी, पण ज्यांनी घेतला ते मागंच लागले, घरच्यांसोबत पटावर मांडून खेळता येईल असं काहीतरी कर म्हणून. झालं! बाईसाहेबांनी नोकरी सोडली अन् गावी आल्या.

त्यासाठी तिनं इंटरनेटवर वर्गणी काढली. गणपतीला आपण काढतो तशीच, फक्त इथं पैसे आधी घ्यायचे अन् खेळाचा डबा नंतर पाठवायचा. ओळख ना पाळख, तरी लोकांनी दिले. तिनं शब्द दिला होता, उन्हाळ्याच्या सुटीआधी डबा तुमच्या घरी येईल.

आता मोबाईलात लांडगा मशीन आणतं, पटावर कोण आणणार? आधी तिनं फासे करून बघितले. फाशात लांडगा एकतर सारखाच यायचा, न्हायतर रुसलेल्या जावयासारखा फिरकायचाच न्हाय. शेवटी पत्ते ठरले. गड्डीत लांडगा एकच. गड्डी पिसून पालथी ठेवायची. पत्ता उचलायच्या आधी आपली मेंढरं चरायला सोडायची का वाड्यात कोंडायची ते ठरवायचं, मग उचलायचा. लांडगा कधी निघंल कुणाला ठाऊक न्हाय, सगळी गंमत तिथंच. गवताचा हिरवा रंग तिनं मला कितीदा बदलायला लावला! मी वैतागून म्हणलो, बाई, मेंढरांना काय कळतंय रंगातलं. ती हसली अन् परत बदलायला लावला.

एकदाची छपाई झाली. गड्ड्या लावून टेबलावर पालथ्या मांडल्या अन् मी जेवायला गेलो. आमच्या प्रेसची रीत अशी, की पत्रिका बाहेर जायच्या आधी माझी बायको शिवम्मा गठ्ठ्यातल्या वरच्या पत्रिकेला कोपऱ्यात हळदकुंकवाचं बोट लावते. त्या दिवशी तिला वाटलं, पोरीचं पहिलं काम हाय, शुभ व्हावं. मायेनं तिनं एकेका गड्डीला बोट लावलं, एकबी सोडली न्हाय. अन् लावायच्या क्रमात लांडगा शेवटी होता, म्हणजे पालथ्या गड्डीत वर तोच. आली का पंचाईत! प्रत्येक डब्यातला लांडगा पाठीला हळद लावून नवरदेवासारखा तयार.

हर्षालीनं एक पत्ता हातात घेतला, मग दुसऱ्या गड्डीतला घेतला, अन् दोन्ही पाठी शेजारी धरून बघत बसली. शिवम्माचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणलो, लांडगाच तेवढा परत छापू. पण आधीचा कागद संपला होता. दुसऱ्या कागदावर छापून बघितला तर त्याचा पांढरेपणाच वेगळा, गड्डीत लांबून ओळखू यायला लागला. म्हणजे सगळ्याच गड्ड्या एका कागदावर नव्यानं छापणं आलं. सोलापूरच्या कागदवाल्याला फोन लावला, तर लग्नसराई हाय, पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला. तोवर तिची तारीख निघून जाणार होती.

मी व्यवहाराचं बोललो. डाग बारीक हाय, जाऊ दे, कोण बघतंय एवढं. ती चिडली न्हाय. पट मांडला अन् मला समोर बसवलं. हळद दिसली की मी मेंढरं कोंडायचो, न्हाय दिसली की खुशाल सोडायचो. सगळे डाव मीच जिंकलो.

“मजा आली का, अप्पा?”

न्हाय म्हणलो. खोटं कशाला बोलू.

“मग हे मी कुणाला पाठवणार न्हाय. अन् तारीखबी हुकवणार न्हाय. त्या लोकांनी मला कधी बघितलंबी न्हाय, तरी इश्वास ठेवला. कागद कुठं मिळंल तेवढं सांगा.”

लातूर झालं, गुलबर्गा झालं, सगळीकडं फोन झाले. स्वतः एसटीनं हिंडून आली. कुणाकडं एकसारखा एवढा कागद न्हाय. संध्याकाळी धुळीनं भरून परतली अन् म्हणली, उद्या मालट्रक गाठून हैद्राबादला जाते.

तेव्हा शिवम्मा उठून आत गेली. आमच्या पोराचं, सोमेशचं लग्न ठरलं होतं. त्याच्या पत्रिकेसाठी मी चांगला जाड, भारी कागद आणून आत ठेवला होता. प्रेसवाल्याच्या घरचं पहिलं कार्य. सगळ्या पाहुण्यांत मिरवायचं होतं मला. शिवम्मानं ते गठ्ठे ओढत बाहेर आणले.

“माझ्या बोटानं झालंय. ह्याच्यावर छापा.”

हर्षाली नको नको म्हणली, सोमेशदादाच्या पत्रिकेचं काय करणार म्हणली. शिवम्मा ऐकायलाच तयार न्हाय. माझ्या जिवाला लागलं, ते काय लपवू. पण त्या पोरीनं दिवसभर ऊन खाल्लेलं समोर दिसत होतं. मी मशीन चालू केलं.

मेंढरं भावावर सोडून महारुद्रबी आला. बापलेक कापायला, गड्ड्या लावायला अन् डबे भरायला बसले. टेबलाकडं फिरकायचं न्हाय असं शिवम्मानं स्वतःलाच बजावलं होतं, ती चहा तेवढा देऊन जायची. पार्सलं तारखेच्या आत रवाना झाली.

सोलापूरचा कागद काय वेळेत आला न्हाय, सोमेशच्या पत्रिका शेवटी बिलबुकाच्या पातळ कागदावर निघाल्या. व्याही पत्रिका चाचपून म्हणले, प्रेसवाल्याच्या घरचं लग्न अन् असला कागद?

मी म्हणलो, काय करता, चांगला कागद हर्षालीच्या मेंढरांनी खाल्ला. ते काय हसले न्हाईत. मी मात्र ती पत्रिका गावभर हिंडून माझ्या हातानं वाटली, अन् मला तिची जराबी लाज वाटली न्हाय.