खिडकीतला रुमाल

एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हे काम कायम ह्यांचं. मी पिशव्या घेऊन मागून चढायची आणि धरलेल्या जागेवर बसायची. आज पहिल्यांदाच एकटी निघाले होते. गाडी आली, तशी शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीनं टाचा उंचावून खिडकीतून ओढणी आत टाकली. ते बघून मीही पदर खोचला आणि माझा रुमाल भिरकावला.

घरातली माझी खुर्चीही अशीच दुसऱ्यांनी ठरवलेली आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी, हाक आली की चटकन उठता यावं म्हणून.

आत एक गृहस्थ विचारत होते, "हा रुमाल कुणाचा?"

"माझा," मी जरा मोठ्यानंच म्हणाले आणि खिडकीशी बसले.

परत गेल्यावर ती खुर्ची हलवणार आहे.