पालथं ठेवलेलं शास्त्र

आमच्या तांड्यात सल्ला देणाऱ्यांचा तोटा कधीच नव्हता. कापसाचे भाव पडले त्या वर्षांत तर ज्याला त्याला विचारायचं वेडच लागलं. बियाणं कोणतं लावू, हे कोणी कृषी केंद्रवाल्याला विचारी. कापूस विकू की ठेवू, हे कोणी बुवाला विचारी. माझी शेजारीण रुपीबाई देवाला विचारायची, आणि एकदा देवानं सांगितलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाही. इतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तिनं आणि तिच्या पोरानं, शामनं, दारव्ह्याच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. तिला अक्षरओळख नव्हती. शाम पवित्र शास्त्र वाचायचा, ती डोळे मिटून ऐकायची. एका दुपारी उघडं पुस्तक कापसाच्या ढिगावर पालथं ठेवून तो बैल सोडायला गेला, आणि साप चावून शेतातच गेला. रुपीबाईनं पुस्तक तसंच पालथं उचलून कोनाड्यात ठेवलं. पुढं वर्षभर त्याला कोणी हात लावला नाही.

मग सून वाचू लागली, शामची बायको संगीता. रीत ठरलेली. रुपीबाई हात जोडून म्हणायची, "प्रभू, मले अक्कल दे," डोळे मिटून पुस्तक उघडायची आणि बोट ठेवायची. बोटाखालचं पान संगीता वाचायची. पान संपलं की आमेन. पण वर्षभर पालथं राहून पुस्तकाची शिवण शामच्या पानावर पिचली होती. ते दर वेळी तिथंच उघडायचं. गोष्ट एका परमुलखातल्या सुनेची. नवरा मेला तरी ती म्हाताऱ्या सासूला सोडत नाही, तुम्ही जाल तिथं मी येईन म्हणते.

याडी म्हणजे आई, रुपीबाईला आम्ही तसंच म्हणायचो. मी एकदा बोलले, "याडी, पुस्तक तिथं मोडलंय, म्हणून उघडते."

"मोडलं कोणी? शामनं. शामले धाडलं कोणी? देवानंच ना?"

कप्पाळ!

त्यातच महागावकडून स्थळ आलं. हिरासिंग, बायको वारलेला, शिवणकाम करणारा, चर्चमधलाच. त्याला संगीता हवी होती. संगीता होय म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. सासूकडे पाहत राहिली. रुपीबाई म्हणाली, "देवाले इचारून सांगतो." आणि देव काय सांगणार हे साऱ्या तांड्याला ठाऊक होतं. मला तिचा राग यायचा. पण सून गेल्यावर त्या घरात तिच्या हाकेला ओ द्यायला कोण होतं? मग रागही टिकायचा नाही.

त्या हिवाळ्यात भाव नव्हता म्हणून कापूस घराघरात पडून होता. रुपीबाईच्या घरात तर आढ्यापर्यंत. दारातून ऊन आलं की आतला उजेडही पांढरा व्हायचा, आवाज मऊ व्हायचे, बसल्या बसल्या डोळे जड व्हायचे. एका दुपारी ती प्रार्थना करता करता ढिगाला टेकून झोपली. संगीता आणि मी सरक्या वेचत बसलो होतो. ती जागी झाली तेव्हा केसांत कापूस होता आणि चेहरा पोरीसारखा झाला होता.

"शाम दिसला व," ती हळूच म्हणाली. "पुस्तकावरचा कापूस फुकून राह्यला होता. मंग त्यानं पान पलटलं."

मग तिनं कोनाड्यातून पुस्तक काढलं. ते नेहमीच्या जागी उघडलं. पण या वेळी तिनं बोट ठेवलं नाही.

"संगीता, याच्या पुढं काय हाय?"

संगीतानं पान उलटलं. ती वाचू लागली. पुढच्या पानावर तीच सासू सुनेला म्हणत होती, पोरी, तुझं भलं व्हावं म्हणून तुझ्यासाठी घर मलाच शोधायला नको का?

"तुले मालूम होतं?"

"हो, याडी. पयल्यापासून."

"मंग वाचलं काहून नाही?"

"तुमचं बोट अलीकडंच राहे."

रुपीबाईनं पदर तोंडात कोंबला. संध्याकाळी तिनंच हिरासिंगला निरोप धाडला.

संगीता निघाली तेव्हा रुपीबाईनं तिच्या गळ्यात पडून ढावलो म्हटलं. सासरी जाणाऱ्या लेकीचं ते रडगाणं. सुनेसाठी कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मग पुस्तक तिच्या गाठोड्यात ठेवलं. "मले कोण वाचून दावते आता? येशीन तवा पुढचं वाचजो."

दुसऱ्या वर्षी वेचणीच्या दिवसांत संगीता जीपमधून उतरली. काखेत पुस्तक, कडेवर तान्ही पोर. पोर तिनं रुपीबाईच्या मांडीवर ठेवली आणि गोष्टीचं शेवटचं पान उघडलं. सुनेला दुसऱ्या घरी मूल झालं होतं. म्हातारीनं ते उराशी धरलं, आणि शेजारणी म्हणाल्या, हिलाच मूल झालं.

आम्ही शेजारणी दारातच उभ्या होतो.

"हे पयलेच लिवून होतं?" रुपीबाईनं विचारलं.

"हो, याडी."

"अन् मी त्या एकाच पानावर बसून राह्यलो व," ती म्हणाली, आणि पोरीच्या केसांतला कापूस फुंकू लागली.