दाराजवळची फुटकी फरशी

जालन्याचं काही आठवायला बसले की मला बाजार आठवत नाही, देवळं आठवत नाहीत. आमच्या भाड्याच्या खोलीतली दाराजवळची फरशी आठवते. शहाबादी, करडी, पाणी टाकून पुसली की निळसर दिसायची. ती मी फोडली. फोडली त्याचं काही एवढं नाही, फरशी काय कुणाच्याही हातून फुटते. पुढं जे झालं ते अजून मनातून जात नाही.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमचे हे जिनिंगमध्ये कापूस तोलायला लागले, अन् मी कुंभार पिंपळगावाकडून गाठोडं अन् लोखंडी खलबत्ता घेऊन त्यांच्यामागं आले. खोली मिळता मिळेना. शेवटी एका मारवाडी जैन घरात, खाली फाटकाला लागून, एक मिळाली. घरमालकीण म्हातारी. तिला सगळा मोहल्ला माजी म्हणायचा. चार पिढ्या जालन्यात गेलेल्या, मराठी आपल्यापेक्षा ठसक्यात बोलायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "हे बघ बाई, तुझ्या चुलीवर काय शिजवतीस ते तुझं. पण कांदा-लसूण माझ्या उखळात न्हाई. अन् खोलीत कुटायचं बिलकुल न्हाई, फरशीखालचा भराव कच्चा हाय."

मी मान डोलावली. दोन्ही अटी पाळायच्या तर लसणाचं तिखट कुटायचं कुठं, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

माजीची सून वरच्या मजल्यावर राहायची. त्यांच्यात सुनेला बींदणी म्हणतात, मीही तेच म्हणायचे. माझ्याच वयाची, घुंगट हनुवटीपर्यंत. नवरा सारखा व्यापाराला बाहेरगावी. दुपारी माजीचा डोळा लागला की ती हळूच जिना उतरून माझ्याकडं यायची, अन् आत आली की घुंगट असा मागं फेकायची, जसं काही डोक्यावरचं ओझं उतरवलं. तिला लिहिता-वाचता यायचं, मला नाही. रांगोळीचा खडा घेऊन ती त्या दाराजवळच्या फरशीवर अक्षर काढायची, खाली मी गिरवायचे. बदल्यात तिला माझ्याकडून जात्यावरच्या ओव्या पाहिजे असायच्या.

"बाईसा, तुमचा क लंगडा हाय," म्हणायची.

"तुमची ओवीबी लंगडीच," मी म्हणायचे, अन् तोंडाला पदर लावून दोघी हसायचो. तिला त्या घरात दुसरं दार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी काय केलं बघा.

उन्हाळ्याच्या तोंडाला यांना लसणाचं तिखट पाहिजे झालं. मला सहावा महिना. गावाकडं आपण मातीच्या भुईवर कुटतो, भुई सगळा दणका पिऊन घेते. त्याच हिशोबानं मी खल सरळ फरशीवर ठेवला, खाली पोतंसुद्धा घातलं नाही. दहा-पंधरा घाव झाले असतील, खाली पोकळ आवाज आला अन् फरशीचा कोपरा तिरपा फुटून खाली बसला.

आता माझी अक्कल ऐका. गावाकडं भुई उकरली की शेणमाती घेऊन लिंपायची, संपलं. मी तेच केलं. सकाळी लिंपलं, दुपारी खपली धरली, संध्याकाळी केरात गेलं. दुसऱ्या दिवशी परत. मंग यांच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला, गूळ घालून मळला अन् भेगेत भरला. चुना टिकला, पण गुळाला मुंग्या लागल्या.

"चुना कुठं गेला माझा?" हे विचारायचे.

"संपला असंल."

बींदणी ते बघून पोट धरून हसली. म्हणाली, "माजीला सांगून टाका. बोलतील, पण गवंडी बोलावतील." मी म्हणाले, "उद्या." वर पोतं अंथरलं, अन् आमची अक्षरं शेजारच्या फरशीवर गेली.

तो उद्या यायच्या आत एका दुपारी माजी जागी झाली. सून दिसेना म्हणून शोधत खाली आली अन् दारातच पोत्यावरून पाय घसरला. पोतं सरकलं. फुटका कोपरा, मुंग्यांची रांग, पलीकडं रांगोळीच्या खड्याची अक्षरं, अन् घुंगट मागं टाकलेली बींदणी.

"किसने फोडी?" माजी म्हणाली.

माझं पोट पुढं आलेलं, खोली गेली तर जायचं कुठं, हेच डोक्यात. अन् बींदणी घुंगट ओढत म्हणाली, "मेरे हाथ से. बट्टा गिरा." बट्टा म्हणजे त्यांचा वरवंटा.

माजीनं आधी तिच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्तच वेळ. मी खाली बघितलं. "आजपासून तू खाली उतरायचं न्हाई," एवढंच सुनेला म्हणाली, अन् तिला पुढं घालून जिना चढली.

संध्याकाळी यांना सांगितलं. "गप बस," हे म्हणाले. "त्यांच्या घरातलं त्या बघून घेतील. खोली गेली तर बाळंतपण काय स्टेशनावर करतीस?" यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मला गप बसायला कारण पाहिजेच होतं, ते यांनी दिलं.

गवंडी आला, कोपरा सिमेंटनं भरून गेला. मला मुलगी झाली. दुपारी वर बांगड्या वाजायच्या, जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबायच्या. मी मुलीला जोरानं झोके द्यायचे, ऐकू यायला नको म्हणून.

दोन वर्षांनी यांची बदली दुसऱ्या गावच्या जिनिंगला झाली. सामान टांग्यात चढलं तेव्हा मी माजीच्या पाया पडले अन् सांगून टाकलं, की फरशी मी फोडली होती.

"मला काय म्हाईत न्हाई?" माजी म्हणाली. "आमच्या बट्ट्याला लसणाचा वास येतो का? त्या फरशीला येत होता. मला वाटलं, तू येशील सांगायला. तू बोलली असतीस तर मी तिला येऊ दिलं असतं. परक्यासाठी ती खोटं बोलली, अन् जिच्यासाठी बोलली ती बसली गप. मंग मला वाटलं, असल्या सोबतीत कशाला धाडायची पोर?" मंग जिन्याकडं हात करून म्हणाली, "जा, भेटून ये तिला."

वर गच्चीवर बींदणी मुगाच्या वड्या घालत होती. हात पिठानं भरलेले. मला बघून उठली नाही, पण हसली.

"कुठवर आलं लिहिणं?"

"तिथंच हाय."

"माझ्या ओव्याबी तिथंच," म्हणाली, अन् पुढची वडी घातली.

मुलीला कडेवर घेऊन मी खाली उतरले. अकरा पायऱ्या होत्या. खाली उतरायची मनाई तिला होती. वर चढू नको असं मला कुणीच म्हणालं नव्हतं.