डी कुणाच्या वाट्याला

सुप्याच्या एमआयडीसीत पाण्याच्या मोटारी जोडणारी आमची लाइन आठ माणसांची, सगळी वर्षाच्या करारावर. मी त्यांचा इनचार्ज. दर मार्चमध्ये माझ्याकडे आठ फॉर्म येतात. प्रत्येकाच्या वर्षभराच्या कामाला ए, बी, सी किंवा डी द्यायचा, आणि आठांत एक डी हवाच, ही वरून आलेली अट. सगळेच चांगले असले तर काय करायचं, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. सगळेच चांगले नसतात, असं उत्तर मिळालं. ते देणाऱ्याने आमची लाइन कधी पाहिलेली नव्हती.

पहिल्या वर्षी मी प्रामाणिकपणे डी दिला. अकोल्याकडचा एक अबोल माणूस होता, हात जरा सावकाश चालायचा, त्याला. महिन्याभरात लाइन ओळखू येईना. आधी ज्याचं काम उरकायचं तो मागे पडलेल्याच्या मदतीला सरकायचा. आता पाना मागितला तरी लोक ऐकू न आल्यासारखं करायचे. डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडू लागले. अकोल्याचा माणूस भिंतीकडे तोंड करून जेवायचा. आणि ज्यांना डी मिळाला नव्हता तेच त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेले, कारण पुढच्या वर्षी कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तोड काढली काकांनी. ते बेलापूरकडचे, पन्नाशीतले, लाइनीवरचा सगळ्यांत चांगला हात. पुढचे फॉर्म आले तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आमच्याकडं पाटाच्या पान्याला नंबर असत्यात, साहेब. कुनाचा नंबर कधी, हे ठरलं की भांडन मिटतं. डीला बी नंबर लावा की."

तेव्हा डी मिळाला तर पगारवाढ थोडी कमी व्हायची आणि वरच्या कामावर बढती वर्षभर लांबायची, एवढंच. एक वर्ष कुणीही सोसलं असतं. अकोल्याच्या माणसाचा नंबर होऊन गेला होता. उरलेल्या सातांनी डब्याच्या झाकणात चिठ्ठ्या टाकल्या. "साहेब, तुमचा नंबर न्हाई व्हय यात?" लाइनीवरच्या एकट्या बाईने, ताईंनी विचारलं. सगळे हसले. मीही हसलो.

तीन वर्षं ते बिनबोभाट चाललं. डबे पुन्हा एका टेबलावर आले. ज्याचा नंबर असेल त्याच्या फॉर्मवर मी काहीतरी खोटं लिहायचो, तो न वाचता सही करायचा, आणि त्या दिवशी बाकीचे त्याला भेळ आणायचे. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटायचं. तिसऱ्या वर्षी मात्र फॉर्म परत आला. डी का दिला याची कारणं पुरेशी नाहीत, असा शेरा होता.

चौथा नंबर ताईंचा होता. पण त्या वर्षी त्यांना तपासणीच्या टेबलावर घेणार होते. तिथे बसून काम. ताईंचे गुडघे गेलेले, दिवसभर उभं राहणं त्यांना झेपत नव्हतं. डी आला असता तर ते टेबल गेलं असतं. काकांचा नंबर पाचवा. ते म्हणाले, "या साली माझा घ्या. फुडच्या साली ताईंचा." मी काकांच्या नावापुढे डी लिहिला. फॉर्म परत येऊ नये म्हणून या वेळी कारणं नीट, अगदी जीव ओतून लिहिली. इंग्रजी माझं बरं आहे.

काकांनी सही केली. फॉर्म वर गेले. आणि पंधरा दिवसांनी नवे मॅनेजर आले, त्यांचं पत्र आलं: डी मिळालेल्यांचा करार पुढे वाढवू नये.

मी त्यांच्याकडे गेलो. हा माणूस सगळ्यांत चांगला आहे, म्हणालो. त्यांनी माझाच फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "हे खोटं आहे की तुम्ही आता बोलताय ते? नाव बदलायचं असेल तर संध्याकाळपर्यंत दुसरं द्या." आवाज चढलेला नव्हता. नंबरांची हकीकत मी त्यांना सांगितली नाही. चार वर्षांचे खोटे फॉर्म माझ्या सहीचे होते. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी टेबलाशी उभा राहून दुसऱ्या नावाचं सांगितलं. कुणी वर बघितलं नाही. ताई डब्यातली भाकरी मोडत राहिल्या, खाल्ली नाही.

"नंबर माझा हाय," काका म्हणाले. "मी मागून घेतलाय." मग माझ्याकडे वळले. "त्यात काय लिवलंय, तेवढं वाचून दावा."

मी सगळ्यांसमोर मराठीत करून वाचलं. कामाचा वेग घटला आहे. सूचना दिल्यास उलट बोलतात. सहकाऱ्यांशी जमवून घेत नाहीत. गटात राहून गटाचं नुकसान करतात. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला ते फार आवडलं होतं.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "येवढं लिवावं लागतं व्हय?" एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर डब्यांचं टेबल पुन्हा रिकामं झालं. आता तर एकेकजण एकटा गाठून मला दुसऱ्याबद्दल सांगू लागला: कोण मोबाईल बघत बसतो, कोण बोल्ट अर्धवट आवळतो. अकोल्याचा माणूससुद्धा आला. मी सगळ्यांचं ऐकून घेत होतो. थांबवायचा अधिकार मला कुठे उरला होता?

यंदाच्या मार्चमध्ये ताई आल्या. दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, चौथा नंबर माझा हुता. चौथ्या साली मानूस गेला. म्हंजी माझा नंबर हून गेला. मोजा तुमी."

मला राग आला, आणि राग आल्याचं बरं वाटलं, कारण त्यामुळे लिहिणं सोपं जाणार होतं. पण घरी गेल्यावर तो टिकला नाही. दुसऱ्या कुणाचं नाव लिहू? ज्याचं लिहीन त्याला ठरलेला नंबर मोडून घालवल्यासारखं होणार. काकांशी ठरल्याप्रमाणे यंदाचा नंबर ताईंचा होता. मी डी लिहिला. कारणांशी आलो तेव्हा नवीन काही सुचेना. काकांच्या फॉर्मची प्रत माझ्याकडे होती. त्यातलीच वाक्यं उतरवली.

ताईंनी सहीआधी सांगितलं, "वाचा." मी वाचलं. वेग, उलट बोलणं, जमवून न घेणं, गटाचं नुकसान.

"हे तर काकांचं हाय," ताई म्हणाल्या.

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, सही केली, आणि गुडघ्यावर हात टेकत परत तपासणीच्या टेबलाशी जाऊन बसल्या.