झाकून ठेवलेलं ताट

आईला तिथे ठेवायचं ठरण्यापूर्वी मी ती जागा पाहायला गेले, तेव्हा सगळ्यात आधी दारात उभं राहून वास घेतला. म्हाताऱ्या माणसांच्या जागेची परीक्षा नाकाने करावी, असं कुठेतरी वाचलं होतं. लघवीचा वास आला तर परत फिरावं. फिनेलचा फार उग्र वास आला तरीही परत फिरावं, कारण तो काहीतरी लपवत असतो. तिथे डाळीच्या फोडणीचा वास येत होता.

पळस्प्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडी आत ती दुमजली इमारत आहे. बोर्डावर शुश्रूषा केंद्र असं लिहिलेलं असलं तरी आमच्या गावातले सगळे तिला आश्रमच म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली आणायचे. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही. आठवण तर आधीपासूनच विरत चालली होती. मी जुन्या पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, आणि इमारतीला लिफ्ट नाही. धाकटी बहीण उरणला, तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. गावचं घर बंद. आम्ही दोघींनी बरेच दिवस हा विषय काढलाच नाही, आणि मग एका दुपारी फोनवर पाच मिनिटांत निर्णय घेऊन टाकला.

भेटायची वेळ चार ते सहा. मी कॉलेजमधून परस्पर जायची. गेल्यावर आईचा हात हातात घेण्याआधी माझे डोळे ठरलेल्या जागांवरून फिरत. पाण्याचा पेला तिच्या हाताच्या टप्प्यात आहे का. नखं कापलीत का. चादर ताणलेली आहे का. मग पायावरचं पांघरूण सारून टाचा बघायच्या; पडून असलेल्या माणसाची कातडी आधी टाचेला आणि माकडहाडाशी लाल होते. बेलचं बटण मी मुद्दाम दाबून बघायची. कुणीतरी यायचंच.

"काय हवं, ताई?" तिथल्या मावशी विचारायच्या.

"काही नाही. चुकून दाबलं गेलं."

"रोज चुकतं तुमचं," त्या हसून म्हणायच्या आणि आईच्या उशीची कड सरळ करून जायच्या.

मला दोष सापडत नव्हता. खरं सांगायचं तर दोष सापडला असता तर बरं वाटलं असतं, काहीतरी करता आलं असतं.

मग एकदा तो सापडला. म्हणजे बहिणीला सापडला. जेवणाच्या वेळी नातेवाइकांना आत सोडत नसत. माणसं बघून म्हातारे जेवत नाहीत, रडतात, असं मोठ्या सिस्टरांचं म्हणणं होतं. पण त्या दिवशी बहीण डॉक्टरांना भेटायला दुपारीच आली होती, आणि जेवणघराच्या काचेतून तिला आई दिसली. सगळ्यांची ताटं होत आली होती. आईची चाकाची खुर्ची टोकाच्या खोलीतून यायची, म्हणून तिला सगळ्यात शेवटी वाढत. बहिणीने तिथूनच मला फोन लावला.

"ताई, तिचा भात बघायला हवा होतास. गार. ढेकूळ झालेला. आणि ही बाई मुकाट खातेय."

"खातेय ना?"

"खातेय ना काय! आयुष्यभर आपलं उरलंसुरलंच खाल्लंय हिने. बाबा, काका, गडी, आपण, मांजर, आणि मग ही. इथे येऊनसुद्धा तेच? तू टाचा बघत बस."

तिचं खोटं नव्हतं. आई उरणजवळच्या करंज्याची, होड्यांच्या आणि सुकटीच्या घरातली. लग्न होऊन आमच्याकडे शेतीच्या घरात आली. दोन्हीकडे रीत एकच होती, की बाई शेवटी जेवते. लहानपणी आम्ही भांडी घासायला बसायचो, तेव्हा ती चुलीजवळ पाय मुडपून एकटी जेवत असायची. त्याआधी दाराशी येऊन विचारायची, "सगल्यांचं झालं का गो?" आम्ही दोघी शिकलो, वाचायला लागलो, तेव्हा या प्रश्नाचा आम्हाला राग येऊ लागला. माझ्या घरी राहायला आली तेव्हाही मी तिला म्हणायची, माझ्याबरोबर बस. ती म्हणायची, तू घे, मी घेते मागून. मग मी जेवून माझं ताट उचलायची, पुस्तकाकडे जायची आणि मागून ती जेवायची.

त्या फोननंतर आम्ही दोघी मोठ्या सिस्टरांकडे गेलो. भांडलो नाही. मी नीट शब्दांत सांगितलं की आईला सगळ्यात आधी, गरम गरम वाढावं. सिस्टर केरळच्या, मराठी सावकाश, पण स्वच्छ बोलायच्या. त्यांनी लगेच मान्य केलं. "आजी फर्स्ट," त्या म्हणाल्या. "उद्यापासून." बाहेर येताना बहीण माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाली, "एकदा तरी ती पहिली जेवू दे."

त्यानंतर आई जेवेनाशी झाली.

एकदम नाही. आधी सिस्टर म्हणाल्या, आजी आज कमी जेवल्या. मग, आजी नको म्हणतात. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत घसरू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तोंडात बॅटरी धरून बघितलं, कवळी सैल झाली होती ती बदलली. शेवटी म्हणाले, या वयात भूक मरते. बहिणीने उरणहून बोंबलाचं कालवण आणलं, चारच्या भेटीत भरवायचा प्रयत्न केला. आई खोलीभर बघत राहिली आणि म्हणाली, "मना नको. तुमी घ्या."

बहीण पुन्हा आश्रमावर घसरली. "काहीतरी करतायत हे लोक. दटावत असतील. आपण हिला हलवू या." खारघरला एक जागा तिने पाहूनही ठेवली होती. तिथे खिडकीतून डोंगर दिसतो, म्हणाली. मला ठरवता येईना. माझ्या सगळ्या परीक्षांमध्ये ही जागा पास होत होती, आणि माझी आई तिथे माझ्या डोळ्यांदेखत झिजत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील?

कॉलेजला सुटी होती त्या दिवशी मी सिस्टरांना म्हटलं, मला तिला जेवताना एकदा बघू द्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाल्या, "काचेच्या बाहेर उभ्या राहा. आत नको."

मी उभी राहिले. आईची खुर्ची आता पहिल्या टेबलाशी होती. तिचं ताट सगळ्यांआधी आलं. वरणाची वाफ मला बाहेरून दिसत होती. दार अर्धवट उघडं होतं. आईने ताटाकडे पाहिलं, मग मागे वळून टेबलांकडे पाहिलं. एकेक टेबल, सावकाश. वाढणाऱ्या मावशींना तिने काहीतरी विचारलं. मला ते ओठांवरूनच कळलं, पण आवाजही आला.

"सगल्यांचं झालं का गो?"

"नाही आजी, अजून कुणाचंच नाही. तुमचं पहिलं! जेवा, गरम आहे."

आईने मान हलवली. शेजारची रिकामी ताटली ओढून तिने आपल्या ताटावर पालथी घातली, मांडीवरचा रुमाल त्यावर पसरला, आणि हात कडेला ठेवून बसली. बाकीचे जेवत होते. ती त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता, दुखणं नव्हतं. चुलीजवळून दाराशी येऊन उभी राहायची तेव्हा असायचा तोच चेहरा. ज्या क्रमाने वाढलं त्याच क्रमाने ताटं उचलायची तिथली पद्धत होती. त्यामुळे पहिलं ताट उचललं गेलं ते तिचं, झाकलेलंच. "नको ना आजी?" मावशींनी विचारलं. आजूबाजूला अजून चमचे वाजत होते. आई म्हणाली, "अजून नाय."

मी सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण तुम्हीच..." आणि वाक्य सोडून दिलं. ते सोडून देणं मी आजही विसरले नाही. माणसांची देखभाल करणाऱ्याच्या अंगी काय असावं, असं मला कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

दुसऱ्या दिवसापासून आईचं ताट पुन्हा शेवटी येऊ लागलं. मावशी तिच्यापुढे उभ्या राहून मोठ्याने सांगायच्या, "आजी, सगळ्यांचं झालं!" आई विचारायची, "तुजं?" त्या म्हणायच्या, "माझं पण." मग ती जेवायची. गार भात, गार वरण. चाटूनपुसून नाही, पण जेवायची.

बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी चिडली. "म्हणजे तिला उरलेलंच हवं होतं?"

"उरलेलं हवं नव्हतं बहुतेक."

"मग?"

याचं उत्तर मला आजही सावकाशच देता येतं. घरात कुणी उपाशी राहिलेलं नाही हे शेवटी जेवणाऱ्या बाईलाच माहीत असतं. आम्ही तिचा अन्याय मोजला होता, आणि तो होताच. पण त्या अन्यायाच्या आतच तिने स्वतःसाठी एक जागा करून ठेवली होती, आणि तिथे बसून ती आख्खं घर राखत होती. नावं गेली, गाव गेलं, आम्ही दोघी कधी मुली तर कधी शेजारणी झालो, तरी ती राखण सुटली नव्हती. जेवणघरातले ते सगळे अनोळखी म्हातारे तिच्या घरचे होते.

खारघरचा विषय मग निघाला नाही. पण गेलेलं अंग भरून आलं नाही. थंडीत छातीत कफ झाला, आणि आई गेली. डॉक्टरांनी वय हेच कारण सांगितलं. मी ते मानते. कधीकधी मानते.

तेराव्याला गावचं घर उघडलं. वालाचं बिरडं, वडे, खीर, भात असा स्वयंपाक झाला. मृताचं पान आधी वाढतात, ते बाहेर ठेवल्याशिवाय कुणी घास घेत नाही. आत्या केळीचं पान हातात घेऊन उभी होती. बहीण चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिलाही तेच सुचलं आहे हे मला कळलं.

"आत्या, थांब," ती म्हणाली. "आधी पंगत बसू दे."

"याड लागलं का गो? आदी तिचं पान."

"ती नाही जेवायची आधी."

आत्याने आम्हा दोघींकडे पाहिलं. तिनेही आयुष्यभर शेवटीच खाल्लं होतं. तिने केळीचं पान परत भिंतीला टेकवून ठेवलं. "तुमची आय, तुमी जाना," एवढंच म्हणाली. पंगत बसली. पुरुष कुजबुजले, पण जेवले. मग मुलं, मग बायका. आत्यालाही आम्ही बसवलं. ओटीवर कुणी राहिलं नाही असं पाहून मी आईचं पान घेतलं, बिरडं वाढलं, भाताची मूद ठेवली आणि दाराकडे निघाले.

"ताई," बहीण मागून म्हणाली. तिच्या तोंडात घास होता, डोळे वाहत होते. "तुझं कुठे झालंय?"

माझं झालं नव्हतं. आई गेल्यापासून मला अन्न गिळता येत नव्हतं, चहावरच दिवस काढत होते. मी ते पान खाली ठेवलं, दुसऱ्या पानाने झाकलं, आणि बहिणीशेजारी जमिनीवर बसले. तिने मला भात वाढला. तो गार झाला होता. मी जेवायला सुरुवात केली.