संस्थापकांच्या मिशा

त्यांना सगळे फडकेबाई म्हणत. आडनाव वेगळंच होतं. पण हातातलं फडकं कधी सुटायचं नाही म्हणून हे नाव चिकटलं, आणि पुढे लोक त्यांच्या नवऱ्यालाही फडकेसाहेब म्हणू लागले. तोही बिचारा ओ द्यायचा.

जुन्या नगरभवनाची सगळी सफाई बाईंच्या देखरेखीखाली चाले. उंच छत, रंगीत काचा, पितळी कठडे. हात लावाल तिथे इतिहास. नव्याने कामाला लागलेल्या बायकांना त्या बजावत, "इथे ॲसिड नाही, काथ्या नाही. संगमरवर म्हणजे आजारी सासूचं अंग समजा. हळू चोळा आणि पुटपुटू नका." त्यांची स्वतःची सासू घरी ठणठणीत होती आणि हे वाक्य तिच्या कानावर गेलेलं नव्हतं, हे बरंच.

मोठ्या जिन्याच्या वळणावर शहराच्या संस्थापकांचा अर्धपुतळा होता. भव्य कपाळ, सरळ नाक आणि नाकाखाली काळ्याभोर झुपकेदार मिशा. शहराच्या शिक्क्यावर त्याच मिशा, शाळेच्या पुस्तकात त्याच मिशा. शहराच्या स्थापनादिनाचा समारंभ तोंडावर आला तेव्हा नगरभवनाचे व्यवस्थापक म्हणाले, "बाई, यांना जरा उजळवा. वर्षानुवर्षं नुसती धूळ झटकली जातेय."

हे काम बाईंनी कुणावर सोपवलं नाही. मऊ ब्रश, कोमट पाणी, साबणाचा फेस. कपाळ उजळलं, गाल उजळले. मग नाकाखाली ब्रश फिरला आणि डावी मिशी ओघळून बादलीत गेली.

मिशी गेली हे वाईटच. पण अर्ध्या मिशीचे संस्थापक ठेवणं त्याहून वाईट, म्हणून त्यांनी उजवीही पुसली. खाली गुळगुळीत ओठ निघाला, त्यावर बारीकसं हसू. पूर्वी पुतळ्यापुढे तेलाचा दिवा जळायचा. त्याची काजळी नाकाखाली साचत गेली होती, आणि ती बघूनच पुढच्यांनी चित्रं काढली होती.

व्यवस्थापक आले, वर बघितलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"बाई, काय केलंत हे?"

"साफ केलं."

"इतकं?"

दुपारपर्यंत गावभर झालं. चौकातला न्हावी तर दुकान उघडं टाकून धावत आला. "आमच्या आजोबांपासून आम्ही 'संस्थापक मिशी' कोरतो! आता गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?" गर्दीतल्या तसल्याच मिशांच्या दोघातिघांनी नकळत तोंडावर हात ठेवला.

तातडीने बैठक बसली आणि ठरलं, की मिशा परत आणायच्या. काजळी हा सफाईचा विषय, तेव्हा जबाबदारी फडकेबाईंची.

"म्हणजे मी घाण करायची?" बाईंचा आवाज चढला.

"घाण कसली, बाई? वारसा म्हणा," व्यवस्थापक म्हणाले.

घरी बाईंनी जेवण धड केलं नाही. सासूने सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसली आणि काजळी जमवायला दिव्यावर ताटली धरून बसली. "कोरडी लावू नकोस गं, पडेल. तेलात खल." नवऱ्याने आरशापुढे स्वतःच्या ओठावर नमुना काढून दाखवला. तो बाईंनी तिथल्या तिथे पुसला. हाताची सवयच तशी.

सकाळी बाईंनी ती काजळी न्हाव्याच्या हाती दिली आणि त्याने पुतळ्याला मिशा रेखल्या. समारंभ थाटात पार पडला. घोळ झाला तो दुसऱ्या दिवशी. नगरभवनाचा नियम असा, की एकदा धुतलेला पुतळा पुढे रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचा. जिन्याच्या सफाईवर नेमलेल्या बाईने तो इमानेइतबारे पुसला. न्हाव्याला पुन्हा बोलावलं. तिसऱ्या दिवशीही तेच.

"हिला आवरा!" न्हावी ओरडला.

"मी नियमाने चालते. तुम्ही कोण?" ती फणकारली.

बाईंनी व्यवस्थापकांना विचारलं, "नियम बदलता का?"

"नियमही जुना आहे, बाई. तोही वारसाच."

शेवटी न्हावी रोजंदारीवर लागला, सफाई विभागात, फडकेबाईंच्या हाताखाली. आता एक पुसते, एक काढतो आणि बाई दोघांच्याही कामावर 'उत्तम' असा शेरा मारतात.

फक्त न्हावी आला की त्याला त्या आधी मागच्या अंगणातल्या बाकावर बसवतात. "जिना ओला आहे हो, घसराल," म्हणतात. जिना कोरडा ठणठणीत असतो. कठड्याला टेकून बाई सावकाश चहा पितात, आणि समोर संस्थापक मिशांशिवाय, मजेत, हसत असतात.