सोयाबीनच्या कडेनं

ताडकळसला जाणारा आमचा सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा लोकार्पण झालं. पाहुण्यांनी फीत कापली, गळ्यातले हार सावरत रस्त्याच्या मधोमध चार पावलं टाकली आणि ते गाडीत बसले. त्या रस्त्यावर इतकं निर्धास्त पायी चालणारं माणूस मला पुन्हा दिसलं नाही. साइडपट्ट्या भरायच्या राहूनच गेल्या. सिमेंटची कड जमिनीपासून वीतभर वर. सायकलवाल्यानं बाजूला व्हायचं तर खाली उडी मारायची.

माझे वडील रोज सकाळी सायकलीवर ताडकळसला जातात. चहा-पेपर घरीही मिळतो, पण अण्णांच्या मते तो चहा नव्हे आणि तो पेपरही नव्हे. त्यांना ऐकू येत नाही. मागचा हॉर्न साऱ्या शिवाराला कळतो, त्यांना सोडून. ते परतेपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. दाराशी जातो, आत येतो, फोन वाजला की धावत जाऊन उचलतो.

दिवाळीच्या सुमारास यात सोयाबीनची भर पडली. एका बाईनं अर्ध्या रस्त्यावर दाणे वाळत घातले आणि कडेनं डोक्याएवढे धोंडे मांडले. उरलेल्या अर्ध्यात ट्रक, मोटारसायकली आणि अण्णा. मी तावातावानं गेलो.

"मावशी, हे धोंडे काढा. एखादं माणूस मरंल."

"काढते की. मग ट्रक माझ्या मालावरून जाऊ देऊ का?"

"आमच्या अण्णांना ऐकू येत नाही."

"ठावं हाय. परवा ट्रकवाला मागून बोंबलायलाय, अन् म्हातारं आपलं मजेत!" ती हसली. मला हसू येईना. तशी म्हणाली, "धोंड्याच्या आतून जा म्हणावं त्यायला. सारते मी दाणे मागं."

तिनं खरंच फळीनं दाणे ओढून हातभर वाट केली. संध्याकाळी मी अण्णांच्या कानाशी ओरडलो.

"येड लागलं का रे तुला? लोकाच्या मालावर चाक घालू?"

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकलवर लांबून मागं राहिलो. धोंड्यांपाशी अण्णा उतरले. चपला काढून हँडलला अडकवल्या आणि अनवाणी, सायकल हातात धरून, त्या हातभर वाटेनं सावकाश चालले. धोंड्यांपलीकडून ट्रक धडधडत गेले. तेवढ्या तुकड्यापुरता माझा जीव भांड्यात पडला. पुढं रोज तसंच.

मग सोयाबीन वाळलं. पोती भरली गेली आणि बाई धोंडे उचलून बांधावर टाकू लागली.

"राहू द्या की मावशी."

"आता राहू द्या? काढा म्हणून भांडायला तुमीच आला व्हता ना?"

"तूर कधी पसरणार?"

"तूर अजून फुलात हाय. तवर म्हातारं तुमीच संभाळा."

तोवर अण्णा आमच्या शेजारून पुढं गेलेही होते. मोकळा रस्ता पाहून थेट मधोमध. मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर हॉर्न देत येत होता. बाईनं हातातला धोंडा टाकून ट्रॅक्टरवाल्याला हात केला, आणि मी गाडीला किक मारली.